खोडदच्या डिश आणि गुरुत्वीय लहरी: आपला वाटा नेमका काय होता?

प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमचा आहे: "येत्या विज्ञान दिनाला आठवी-नववीच्या मुलांना खोडदला जीएमआरटी बघायला नेणार आहे. २०२३ मध्ये 'विश्वाची गुणगुण ऐकू आली, पुण्याजवळच्या दुर्बिणीचा सहभाग' अशा बातम्या होत्या. तो शोध नेमका काय? आपला वाटा खरंच होता, की नुसतं नाव जोडलं होतं? आणि मुलांना हे कसं सांगायचं?"

मॅडम, मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो उघड विचारायला लोक बिचकतात. वाटा खरा होता, पण बातम्यांत रंगवला तसा नव्हता. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने, म्हणजे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' या रेडिओ दुर्बिणीने, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशच किंचित ताणत-आवळत जाणाऱ्या लहरी, 'पकडल्या' नाहीत. कुठल्याच एका दुर्बिणीने पकडल्या नाहीत. २९ जून २०२३ ला अमेरिकेतला नॅनोग्रॅव्ह, ऑस्ट्रेलियातला, चीनमधला आणि युरोप-भारत मिळून झालेला अशा चार गटांनी आपापले निष्कर्ष एकदमच जाहीर केले. यातल्या भारतीय गटाचं नाव इन्प्टा, म्हणजे इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे. त्यात जपानचे संशोधकही आहेत. या गटाने खोडदच्या अँटेना वापरून मोजमापातला एक चिवट दोष साफ करून दिला. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण आमच्या कामात शोध म्हणजे रुपयातले पंधरा आणे साफसफाईच असते, आणि मुलांना सांगण्यासारखं खरं तर तेच आहे.

आधी पल्सार. मोठा तारा फुटून संपला की त्याचा गाभा उरतो. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त, व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या रेडिओलहरींचा झोत प्रत्येक फेरीला पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका मिळतो. पहिला पल्सार १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. त्याचा ठोका सुमारे १.३४ सेकंदाला एक होता. पुढे १९८२ मध्ये मिलिसेकंद पल्सार, म्हणजे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात एक गिरकी घेणारे, सापडायला लागले आणि आमचं क्षेत्रच बदललं. आमच्या कामातलं नेहमीचं उदाहरण घ्या: जे१७१३+०७४७. हे नाव नाही, पत्ता आहे, आकाशातले त्याचे अक्षांश-रेखांश. भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे ३,८०० प्रकाशवर्षांवर असलेला हा पल्सार सेकंदाला जवळपास २१९ गिरक्या घेतो, आणि इतक्या इमानाने घेतो की काही वर्षांनंतरचा ठोका किती वाजता येईल हे मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर आधीच सांगता येतं.

आता लहरी. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरायला लागतात. वस्तुमान सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट, आणि एका प्रदक्षिणेला वर्षंच्या वर्षं. अशा असंख्य जोड्यांच्या गुरुत्वीय लहरी एकमेकींत मिसळून विश्वभर पसरलेल्या असाव्यात असा अंदाज आहे. 'गुणगुण' म्हणतात ती हीच. या लहरी पृथ्वीवरून जाताना पल्सारचे ठोके किंचित लवकर किंवा किंचित उशिरा येतात. किंचित म्हणजे किती? साधारण शंभर नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीस मीटर जातो. ३,८०० प्रकाशवर्षांच्या वाटेत तीस मीटरचा फरक शोधायचा आहे, तोही वर्षानुवर्षं हळूहळू कमी-जास्त होणारा.

इथे खोडदचं काम सुरू होतं. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही. तिथे विरळ का होईना, मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि ते रेडिओलहरींना उशीर लावतात. वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. जे१७१३+०७४७ चंच बघा. त्याच्या एकाच ठोक्यातल्या १३६० मेगाहर्ट्झच्या लहरी इलेक्ट्रॉनांमुळे सुमारे ३६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतात, आणि ४०० मेगाहर्ट्झच्या सुमारे ४१५ मिलिसेकंद. दोघी निघाल्या एकाच क्षणी. मागची पोहोचेपर्यंत पल्सारने मधे ऐंशीहून अधिक गिरक्या घेतलेल्या असतात! नववीच्या मुलांकडून हे फळ्यावर जरूर करून घ्या. १३६० ला ४०० ने भागा, वर्ग करा, साडेअकरा येतात. ४१५ ला ३६ ने भागलं तरी तेच.

हा उशीर कायम तेवढाच राहिला असता तर एकदा वजा केला की संपलं. पण पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, मधले विरळ ढग सरकतात. वर्षातून एकदा सूर्य त्या दिशेच्या जवळ येतो आणि त्याच्याकडून वाहणारे इलेक्ट्रॉनही वाटेत येतात. समजा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत सोळा हजारांत एक एवढाच फरक पडला. १३६० मेगाहर्ट्झवर ठोका सव्वादोन मायक्रोसेकंद पुढे-मागे होईल. आपण शोधतोय त्या लहरींच्या परिणामापेक्षा हे वीस पटींहून जास्त आहे. तेवढ्या एकाच वारंवारतेवर मोजलं तर हा घोळ इलेक्ट्रॉनांचा की गुरुत्वीय लहरींचा, हे कळायला मार्ग नाही. ४०० मेगाहर्ट्झवर मात्र तोच फरक सव्वीस मायक्रोसेकंदांचा होतो आणि चोर लगेच ओळखू येतो, कारण गुरुत्वीय लहर सगळ्या वारंवारतांना सारखीच वागवते. भेदभाव करतात ते इलेक्ट्रॉन.

जगातल्या मोठ्या डिश बहुतेक वरच्या वारंवारतांवर हे काम करतात. जीएमआरटी मुळात खालच्या वारंवारतांसाठी बांधलेली आहे. शिवाय तिच्या तीस अँटेनांचे दोन गट करता येतात. काही अँटेना ३०० ते ५०० मेगाहर्ट्झवर लावायच्या, काही १२६० ते १४६० वर, आणि एकाच वेळी एकाच पल्सारकडे बघायचं. आज खालची वारंवारता मोजली आणि पंधरा दिवसांनी वरची, तर मधल्या काळात इलेक्ट्रॉनच बदललेले असतात. एकत्र मोजलं की ती सबब उरत नाही.

तरी आकडे प्रामाणिकपणे समोर ठेवते. युरोप-भारत निष्कर्षात २५ पल्सार होते आणि युरोपच्या नोंदी जवळपास २५ वर्षांच्या. जर्मनीतली एफेल्सबर्ग, इंग्लंडची लव्हेल, फ्रान्स, नेदरलँड्स आणि इटलीतल्या मोठ्या डिश यांच्या त्या नोंदी. आपल्याकडून गेल्या त्या दहा पल्सारांच्या, सुमारे साडेतीन वर्षांच्या. म्हणजे बांधकाम त्यांचं, आपण केली ती महत्त्वाची दुरुस्ती. पण यातली एक गोष्ट मला स्वतःला फार बोलकी वाटते. सगळी २५ वर्षं एकत्र घेतली तेव्हा लहरींची खूण पुसट आली. शेवटच्या दहा-साडेदहा वर्षांच्या, म्हणजे वारंवारतांच्या रुंद पट्ट्यात मोजणाऱ्या नव्या यंत्रांनी घेतलेल्याच नोंदी घेतल्या तेव्हा ती ठळक झाली. जुनी यंत्रं अरुंद पट्ट्यात मोजत, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा उशीर त्यातून नीट वेगळा काढता येत नसे. ढीगभर मळक्या नोंदींपेक्षा थोड्या स्वच्छ नोंदी कामाला आल्या. त्यानंतर २०२५ मध्ये इन्प्टाने २७ पल्सारांच्या सात वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या.

मुलं लगेच विचारतील, आणि विचारायलाच हवं: ठोके उशिरा आले हे ठीक, पण ते लहरींमुळेच हे कशावरून? याचं उत्तर मी नारायणगावच्या एसटी स्टँडवर उभं राहून देते. समजा तुम्ही स्टँडवर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ टिपताय. एकच गाडी उशिरा आली तर दोष त्या गाडीचा. पुण्याची, नाशिकची, जुन्नरची, मंचरची, सगळ्याच गाड्या बरोबर पाच-पाच मिनिटं उशिरा दिसल्या तर दोष स्टँडवरच्या घड्याळाचा. पुण्याकडच्या गाड्या लवकर आणि नाशिककडच्या तेवढ्याच उशिरा यायला लागल्या तर? मुलं थोडा विचार करतात आणि एखादा तरी म्हणतोच, "स्टँडच पुण्याकडे सरकलाय!" बरोबर. आमच्याकडे हे तिन्ही घोटाळे खरोखर होतात. एखादा पल्सार बिघडतो. पृथ्वीवरच्या अणुघड्याळांत बारीक फरक असतो. आणि सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याच्या तुलनेत पृथ्वी नेमकी कुठे आहे याचा हिशेब चुकला, उदाहरणार्थ गुरू ग्रहाची कक्षा जराशी चुकीची धरली गेली, तर स्टँड सरकतो.

गुरुत्वीय लहरींची तऱ्हा चौथी. ती जागा एका दिशेने ताणते आणि काटकोनातल्या दिशेने आवळते. म्हणून समोरासमोरच्या दिशांनी येणाऱ्या गाड्या दोन्ही उशिरा, आणि आडव्या रस्त्याच्या दोन्ही लवकर. असा नमुना ना घड्याळाने तयार होतो, ना स्टँड सरकल्याने. पल्सारांच्या जोड्या घेऊन, त्यांच्यातला आकाशातला कोन मोजून, उशिरांचं नातं आलेखावर मांडलं की एक ठरावीक वक्र यायला हवा. शेजारी-शेजारी असलेल्या पल्सारांचं चांगलं जुळतं, ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास उलटं होतं, आणि समोरासमोर पुन्हा थोडं जुळतं. हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी हा वक्र १९८३ मध्येच मांडून ठेवला होता. चाळीस वर्षांनी नोंदी त्याच्याशी जुळताना दिसल्या. २०२३ ची बातमी एवढीच होती, आणि एवढी मोठी होती.

'जुळताना दिसल्या' हे शब्द मी मुद्दाम वापरतेय. युरोप-भारत गटाच्या नोंदींत असा नमुना निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक इतकी निघाली. बाहेरच्या माणसाला हे पक्कंच वाटेल. पण भौतिकशास्त्रात 'सापडलं' म्हणायची रीत त्याहून फार कडक आहे, लाखो वेळांत एखाद्या वेळी चुकेल इतकी. म्हणून चारही गटांनी 'पुरावा मिळाला' असं लिहिलं, 'शोध लागला' असं लिहिलं नाही. मथळ्यांत तो फरक गळून पडला. लहरी कृष्णविवरांच्याच की विश्वाच्या अगदी बाळपणातल्या कसल्या घडामोडीच्या, हेही अजून ठरलेलं नाही. सगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करायचं काम चालू आहे.

पल्सार बिघडतो म्हणाले, त्याचा किस्सा सांगायलाच हवा. वर ज्याच्या इमानाचं कौतुक केलं त्या जे१७१३+०७४७ नेच एप्रिल २०२१ मध्ये गडबड केली. एरवी ठोक्याचा आकार, म्हणजे त्याच्या आलेखावरचा उंचवटा, वर्षानुवर्षं ठशासारखा तोच असतो. त्या एप्रिलमध्ये अचानक तो आकारच बदलला आणि पुढे कित्येक महिने हळूहळू पूर्वपदाला येत राहिला. आकार बदलला की ठोक्याची 'वेळ' नेमकी कुठून धरायची तेच डळमळतं. खोडदच्या नोंदींत हा बदल दोन्ही पट्ट्यांत दिसला आणि भारतीय गटाने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला. मुलांना हा किस्सा आवडतो. सगळ्यात शहाण्या मुलाने वर्गात दंगा केला की सगळ्यांना आवडतो तसाच.

आता सहलीबद्दल. दोन गैरसमज शाळेतच दूर करून निघा. पहिला, तिथे डोळा लावून तारे बघायला मिळत नाहीत. दुसरा, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आणि जीएमआरटी एक नव्हेत. दोन्हींच्या बातम्या २०२३ मध्येच आल्या. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने लायगो-इंडियाला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली आणि जूनमध्ये पल्सारची घोषणा झाली. लोकांनी त्याची खिचडी केली. लायगो सूर्याच्या काही पट ते काही दहा पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांची टक्कर टिपते, ती सेकंदभरात आटोपते. आमच्या लहरींचा एक हेलकावा संपायला वर्षं लागतात.

पोहोचल्यावर पहिली गोष्ट दाखवायची ती अँटेनाची जाळी. ४५ मीटर व्यासाची डिश, आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं! "मॅडम, हिला तर भोकं आहेत, लहरी खाली नाही का पडणार?" हा प्रश्न येतोच. तारांमधलं अंतर एक ते दोन सेंटिमीटर आहे. जीएमआरटी बघते त्या लहरींची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. जीएमआरटी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती. अशा तीस डिश त्यांनी पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या केल्या. चौदा मधल्या चौकात, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर शेतांमधून पसरलेल्या.

याचा प्रयोग वर्गात होतो. छोटा एफएम रेडिओ चालू करा, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक धातूच्या जाळीत सगळीकडून गुंडाळा, एरियलसकट. कडा नीट दुमडल्या तर आवाज खरखरायला लागतो किंवा बंदच पडतो. प्लॅस्टिकच्या जाळीत गुंडाळा, काहीच होत नाही. ही तुलना मुलांना स्वतः करू द्या, आधी उत्तर सांगू नका.

दुसरी गोष्ट: भर दुपारी डिश कुठेतरी बघत असतात. कुठे, ते तिथल्या माणसांना विचारायला लावा. रेडिओसाठी दिवस-रात्र असा फरक फारसा नाही, हे मुलांच्या डोक्यात एरवी शिरत नाही. उन्हात डिश वळताना बघितली की शिरतं.

पल्सारचा 'आवाज' मोबाइलवर ऐकवणार असाल तर ऐकवा, वेला पल्सारची टकटक फार छान वाटते. पण लगेच सांगा की हे आपण रेडिओच्या नोंदीचं केलेलं रूपांतर आहे, अवकाशातून आवाज येत नाही. 'गुणगुण' शब्दाने तिथे फार घोळ घातला आहे. आणि जीएमआरटीला ८.८ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला 'सिग्नल' मिळाला म्हणजे तो कोणी पाठवला का, असं कोणीतरी विचारेलच. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेली, जीएमआरटीने टिपलेली ती एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूची लहर होती. पाठवणारं कोणी नाही.

मोबाइल मात्र दुर्बिणीजवळ बंद, तिथे सांगतील तेव्हा आणि तसे. यावर मुलांशी थोडं सविस्तर बोला, कारण नियम म्हणून सांगितलं की ती कुरकुरतात. आपण शोधतोय ती लहर इतकी क्षीण असते की शेजारचा मोबाइल, गाडीच्या इंजिनातली ठिणगी, विजेच्या तारेवरची चरचर, सगळं तिच्यापुढे बोंबाबोंब ठरतं. याची किंमत आजूबाजूचा भाग मोजतो. परिसरात उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा नियोजित मार्ग या दुर्बिणीमुळे बदलावा लागेल असं रेल्वेमंत्र्यांनी सांगितल्यावर जुन्नर-आंबेगावात नाराजी उमटली, आणि ती मला अजिबात अनाठायी वाटत नाही. 'जागतिक दर्जाची दुर्बीण' एवढं म्हणून तिथल्या माणसाचं समाधान का व्हावं? त्याच्या मुलीला त्या डिश काय करतात हे तिच्या भाषेत, तिच्या शाळेत येऊन कोणी सांगितलं का, हा प्रश्न आम्हा लोकांना विचारायला हवा. विज्ञान दिनाचं, म्हणजे २८ फेब्रुवारीचं खोडदचं प्रदर्शन त्या दृष्टीने चांगलं आहे. गावोगावच्या शाळा आपापले प्रयोग मांडतात, हजारो लोक येतात. पण ते वर्षातून एकदा.

म्हणून एक सुचवते. तुमच्या मुलांनी नुसतं बघायला जाऊ नये. शाळांना प्रयोग मांडता येतात, त्यासाठी आधी नोंदणी करा. एसटी स्टँडचा खेळ तिथे छान मांडता येईल: पुठ्ठ्यावर स्टँड, चार दिशांच्या गाड्या, प्रत्येक फेरीला उशिरांचा तक्ता, आणि बघणाऱ्याने ओळखायचं की दोष गाडीचा, घड्याळाचा, सरकलेल्या स्टँडचा की लहरीचा. तक्ते मुलांनीच बनवावेत. त्यात एखादा असा ठेवा ज्याचं उत्तर नीट लागत नाही, आणि कोणी विचारलं तर "अजून नोंदी हव्यात" एवढंच सांगायला शिकवा.

बाकी व्यवहाराचं: त्या दिवशी गर्दी प्रचंड असते, म्हणून सकाळी लवकर पोहोचा. फेब्रुवारीअखेर तिथे ऊन चांगलंच तापतं, टोप्या आणि पाणी सोबत असू द्या. मुलांना शांतपणे शास्त्रज्ञांशी बोलायचं असेल तर विज्ञान दिन सोडून दुसरा दिवस बरा, मात्र शाळेच्या पत्रावर आधी परवानगी घ्यावी लागते.